चोवीस गुण आणि आठवीचा वर्ग

प्रश्न ऐरोलीतल्या एका वर्गशिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: आठवीच्या मुलांकडून स्वभावातल्या २४ चांगल्या गुणांची प्रश्नावली भरून घेतली, प्रत्येकाचे पहिले पाच गुण कार्डावर छापले आणि कार्डं वर्गाच्या भिंतीवर लावली. पालकसभेत दोघांनी हरकत घेतली. एकाच्या मुलाच्या कार्डावर 'नेतृत्व' नव्हतं. दुसरीच्या मुलीच्या पूर्ण यादीत 'प्रामाणिकपणा' अठराव्या क्रमांकावर होता. हे शास्त्र कुणाचं, त्यावर विश्वास किती ठेवायचा आणि पुढच्या सहामाहीत याचं करायचं काय?

आधी भिंतीवरची कार्डं काढा. प्रश्नावलीत खोट नाही. पण ज्यांनी ती बनवली, त्यांनीच २००५ मध्ये मोजून पाहिलं होतं की माणसाला त्याचे गुण नुसते सांगून सोडून दिलं, तर बरं वाटतं आणि ते लवकरच विरून जातं. टिकाऊ फायदा झाला तो आपला गुण आठवडाभर रोज नव्या ठिकाणी वापरणाऱ्यांना. शाळेने अर्धं काम केलं, आणि नेमकं कमी उपयोगाचं अर्धं.

दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे. मराठी शाळेत 'गुण' म्हणजे मार्क. 'तुझे पहिले पाच गुण' म्हटलं की मुलाच्या आणि आईच्याही डोळ्यांसमोर गुणपत्रिका येते, आणि अठरावा क्रमांक म्हणजे नापासच. 'चारित्र्य' म्हणावं तर पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी आठवते. सोय म्हणून मी इथे 'गुण'च म्हणतो, पण वर्गात 'बलस्थान' किंवा सरळ 'तुझी जमेची बाजू' म्हणा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

आता हे कुणी केलं ते. माणसात बिघडलेल्याइतकाच चांगल्याचाही अभ्यास करणाऱ्या या शाखेला 'सकारात्मक मानसशास्त्र' म्हणतात. मानसशास्त्राने 'चारित्र्य' हा शब्द एकदा स्वतःच्या हाताने घराबाहेर काढला होता. गॉर्डन ऑलपोर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की चारित्र्य म्हणजे व्यक्तिमत्त्वच, फक्त त्याला बरं-वाईट ठरवलेलं. आणि बरं-वाईट ठरवणं हे शास्त्राचं काम नाही. गंमत म्हणजे याच ऑलपोर्टने १९३६ मध्ये हेन्री ऑडबर्टबरोबर इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. त्याच सुमाराला, १९२८ ते १९३० मध्ये, ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांचा सुमारे ११ हजार मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परीक्षेत, खेळात, घरी, पैशांच्या बाबतीत अशा वेगवेगळ्या ठिकाणी मुलांना फसवायची संधी दिली आणि कोण फसवतं ते पाहिलं. गणिताच्या पेपरात कॉपी करणारं मूल खेळात सचोटीने वागत होतं आणि उलटही होत होतं. प्रामाणिकपणाचा एका जागेवरून दुसऱ्या जागेचा अंदाज फारसा बांधता येईना. तुमच्या अठराव्या क्रमांकाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, त्याकडे शेवटी येतो.

पुढची काही दशकं पैसा आणि लक्ष आजारांकडे गेलं. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार हवे होते, आणि १९४९ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. नैराश्य, भयगंड, छिन्नमनस्कता यांच्यावर खरोखरच चांगलं काम झालं. मधे काहींनी वेगळा सूर लावला. अब्राहम मास्लो यांनी १९५४ मध्ये 'सकारात्मक मानसशास्त्र' हे शब्द एका प्रकरणाच्या शीर्षकात वापरले. मारी याहोदा यांनी १९५८ मध्ये विचारलं, आजार नसणं म्हणजेच मानसिक आरोग्य का? पण गाडी रुळावरून हलली नाही. ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 'ठाण्याला पाठवा' या वाक्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या मनोरुग्णालय, जे १९०१ पासून आहे. त्याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आय.पी.एच.) ही संस्था सुरू केली आणि 'आजारी नसलेल्या माणसानेही मनाबद्दल शिकावं' हे लोकांच्या गळी उतरवलं. त्यांची मुळं मुख्यतः अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारात, म्हणजे अविवेकी समजुती तपासून बदलण्याच्या पद्धतीत आहेत, सकारात्मक मानसशास्त्रात नाहीत. पण दिशा तीच.

मार्टिन सेलिगमन (जन्म १९४२) या गोष्टीत शिरले ते उलट्या दारातून. १९६७ च्या सुमाराला त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके टाळण्याचा कोणताच मार्ग नव्हता, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश पुढे मोकळी वाट असूनही पडून राहिली. याला त्यांनी 'शिकलेली असहायता' म्हटलं. बहुतेक लेख इथेच थांबतात. पण उरलेल्या एक तृतीयांश कुत्र्यांनी हार मानली नाही. ती का मानली नाही, या प्रश्नातून सेलिगमन आशावादाच्या अभ्यासाकडे वळले. आणि २०१६ मध्ये त्याच दोघांनी, मेंदूवरच्या अभ्यासाच्या आधारे, स्वतःचाच सिद्धांत उलटा केला: असहायता शिकावी लागत नाही, ती लांबलेल्या त्रासापुढची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे. पन्नास वर्षांनी आपलीच चूक छापून सांगणारे संशोधक विरळाच. वर्गाच्या दृष्टीने हे मोलाचं आहे. मागच्या बाकावर मान टाकून बसणारं मूल 'आळशी झालंय' असं धरून चालू नका. आपल्या करण्याने काही फरक पडतो, याचा अनुभवच त्याला कमी मिळालेला असू शकतो.

१९९८ मध्ये सेलिगमन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी 'बिघडलेलं दुरुस्त करण्याइतकंच चांगलं आहे ते वाढवणंही आमचं काम' अशी भूमिका घेतली. बरोबर होते मिहाय चिकसेंटमिहाय (१९३४–२०२१), ज्यांनी लोकांना पेजर देऊन दिवसातून अवचित वेळी 'आत्ता काय करताय, कसं वाटतंय' हे लिहायला लावलं. त्यातून तल्लीनतेची अट स्पष्ट झाली: आव्हान आणि कौशल्य दोन्ही तोडीस तोड हवं. आव्हान कमी पडलं की कंटाळा, जास्त झालं की धास्ती. एड डिनर (१९४६–२०२१) यांनी समाधान मोजण्याची पाच वाक्यांची, ५ ते ३५ गुणांची पट्टी १९८५ मध्ये दिली. ती आजही वापरतात. त्यांचा मुलगा रॉबर्ट बिस्वास-डिनर याने कोलकात्यात झोपडपट्टीत आणि फुटपाथवर राहणाऱ्या माणसांना भेटून समाधान मोजलं. ते अपेक्षेपेक्षा जास्त निघालं, विशेषतः नात्यांच्या बाबतीत.

तरी तुमच्या कार्डांमागचा खरा माणूस म्हणजे मिशिगन विद्यापीठाचे ख्रिस्तोफर पीटरसन (१९५०–२०१२). नाव सेलिगमनचं गाजलं, पण यादी घडवण्याचं चिवट काम मुख्यतः पीटरसन यांचं. सिनसिनाटीच्या मेयरसन फाउंडेशनने पैसा दिला, पीटरसन यांनी तीन वर्षं यालाच दिली, आणि २००४ मध्ये पीटरसन आणि सेलिगमन या दोघांचा जाडजूड ग्रंथ आला. रोगांचं वर्गीकरण असतं, तसं हे गुणांचं. कॅथरीन डाल्सगार्ड यांनी कन्फ्यूशियसची परंपरा, ताओ, बौद्ध, हिंदू, ग्रीक, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरा तपासल्या. हिंदू परंपरेसाठी उपनिषदं आणि भगवद्गीता पाहिली. सगळीकडे पुन्हा पुन्हा भेटणारी सहा सद्गुणांची कुळं निघाली: ज्ञान, धैर्य, माणुसकी, न्याय, संयम आणि आपल्याहून मोठ्या कशाशी तरी असलेलं नातं. त्यांत २४ गुण बसवले. कोणताही गुण यादीत यायचा तर त्याला दहा निकष लावले: एकाने तो दाखवला म्हणून दुसरा कमी ठरायला नको, तो प्रसंगापुरता नसावा, समाजात तो जोपासणाऱ्या रीती असाव्यात, वगैरे.

काही गुणांना मराठीत मूळ इंग्रजीपेक्षा चपखल शब्द आहेत. सौंदर्य आणि उत्तमपणाची जाण असणं, याला इंग्रजीत पाच शब्द लागतात. आपण 'रसिकता' म्हणतो. 'हुरूप', 'तारतम्य', 'जिव्हाळा', 'चिकाटी' हेही तसेच. वर्गात हेच शब्द वापरा.

सहा कुळांवर मात्र भिस्त ठेवू नका. लोकांच्या उत्तरांचं सांख्यिकी विश्लेषण केलं की ती सहा कुळं तशीच निघत नाहीत. रॉबर्ट मॅकग्राथ यांना आपुलकी, जिज्ञासा आणि आत्मसंयम असे तीनच मोठे गट सापडले. शाळेचा फलक सहा रंगांत रंगवलेला असेल तर तो रंग सजावट समजा.

आता आकड्यांकडे, कारण पालकांचं भांडण आकड्यांचं आहे. मूळ प्रश्नावली २४० वाक्यांची, म्हणजे गुणामागे १०. हल्ली चालते ती ९६ वाक्यांची, म्हणजे गुणामागे फक्त ४. प्रत्येक वाक्याला १ ते ५ अशी पसंती आणि चारांची सरासरी. समजा एका मुलाने चिकाटीच्या चार वाक्यांना ४, ४, ५, ३ दिले, सरासरी ४.००. त्याने त्या ३ च्या जागी ४ वर खूण केली असती तर सरासरी ४.२५. पाव गुणाची उडी, एका वाक्यामुळे. आणि एका मुलाच्या अहवालात चौथ्या ते अकराव्या क्रमांकापर्यंतचे सगळे गुण त्याच पाव गुणात दाटीने उभे असणं अगदी शक्य आहे. तेव्हा पाचवा आत आणि सहावा बाहेर, या रेषेला काही अर्थ नाही. 'नेतृत्व' कार्डावर नसलेल्या मुलाचा पूर्ण अहवाल काढून बघा. बहुधा ते सातवं-आठवं सापडेल, पाचव्याच्या पाठीला पाठ लावून.

शिवाय हा क्रम मुलाच्या स्वतःच्या गुणांमधला आहे. यश आणि ओम या दोघांचाही पहिला गुण 'कुतूहल' असेल, तरी कुणाचं जास्त हे त्यातून कळत नाही. म्हणून मॉनिटर निवडणं, तुकडी ठरवणं, स्पर्धेला पाठवणं यासाठी ही प्रश्नावली वापरूच नका.

भरून घेतानाच बिघडतं ते असं. मुलाची रोजची भाषा मराठी आणि वाक्यं इंग्रजीत असतील, तर मूल मधला पर्याय ३ धरून सुटका करून घेतं. अहवालात सगळे गुण ३.० ते ३.५ मध्ये दिसले की हेच झालंय समजा. घरी भरायला दिलं की आई मागे उभी राहते आणि संयम, प्रामाणिकपणा वर चढतात. 'स्वतःची टिमकी वाजवू नये' अशा घरातली मुलं सगळीकडेच एक पायरी खाली उतरून लिहितात. क्रमावर याचा फार परिणाम होत नाही, हे एक बरं. मुलांसाठीची वेगळी आवृत्ती आहे, तीच घ्या. पालकांची लेखी संमती घ्या, आणि घटक चाचणीच्या आठवड्यात घेऊ नका.

२००५ चा प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तुमच्या सहामाहीचा आराखडा त्यातच आहे. सेलिगमन, ट्रेसी स्टीन, नान्सूक पार्क आणि पीटरसन यांनी इंटरनेटवरून आलेल्या ५७७ प्रौढांना सहा गटांत वाटलं. शेवटपर्यंत ४११ टिकले. एका गटाने रोज रात्री फक्त लहानपणच्या आठवणी लिहिल्या, तो तुलनेसाठी. बाकीच्यांना एकेक उपक्रम, एक आठवडा. कृतज्ञतेचं पत्र लिहून प्रत्यक्ष जाऊन वाचून दाखवणाऱ्यांचा आनंद सगळ्यांत जास्त वाढला, महिनाभर राहिला आणि ओसरला. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहिणारे आणि आपला गुण रोज नव्या तऱ्हेने वापरणारे, या दोन गटांचा फायदा सहा महिन्यांनीही दिसत होता. फक्त गुण ओळखणाऱ्यांचा टिकला नाही. पण ही माणसं बरं वाटावं म्हणून स्वतःहून आलेली होती. शिवाय २०१२ मध्ये कॅनडात हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लहानपणच्या चांगल्या आठवणी लिहिणाऱ्यांनाही तितकाच फायदा दिसला. तेव्हा 'शास्त्राने सिद्ध' असं पालकसभेत सांगू नका. 'करून पाहण्यासारखं आहे, खर्च काही नाही' इतकंच सांगा.

वर्गात हे असं बसवा. आठवड्याचा एक तास, ३५ मिनिटं. पहिले दोन तास मुलांना गुण ओळखायला शिकवायचे, दुसऱ्याच्या वागण्यात. जोड्या करा. एकाने गेल्या आठवड्यातली स्वतःची एक घटना दोन मिनिटांत सांगायची, दुसऱ्याने आधी फक्त क्रियापदं टिपायची आणि मग गुणाचं नाव. उदाहरण घ्या: 'लाइट गेले, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पिशव्या घेऊन खाली उभ्या होत्या. मी आधी वॉचमनला जनरेटरचं विचारलं, वेळ लागणार म्हणाला, मग आजींना खाली खुर्चीवर बसवलं आणि पिशव्या वर ठेवून आलो.' ऐकणारा लगेच 'दयाळू' म्हणेल. क्रियापदं बघा: विचारलं, बसवलं, ठेवून आलो. आधी चौकशी, मग निर्णय. यात दयेइतकंच तारतम्य आहे. नाव आधी दिलं की मुलं सगळ्यांना 'दयाळू' आणि 'मेहनती' वाटून मोकळी होतात; क्रियापदाची अट घातली की वीसेक गुण तरी वर्गात बोलले जातात.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने एकच गुण निवडायचा, अहवालातल्या वरच्या आठ-दहांतून, स्वतःला 'हो, हा मीच' वाटेल तो. सात दिवस, रोज नवी जागा. रसिकता निवडलेल्या मुलीने एका दिवशी गणिताच्या वहीतलं सगळ्यांत देखणं उत्तर शोधून ते देखणं का ते लिहावं. एका दिवशी आजीच्या बोलण्यातला एक जुना शब्द टिपावा. हिवाळा-उन्हाळा असेल तर ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो आहेतच. 'रोज चित्र काढलं' हे चालणार नाही, कारण ते ती एरवीही काढते. नव्या जागेची अट सुटली की उपक्रम संपला.

तीन चांगल्या गोष्टींमध्ये मुलं तिसऱ्या दिवसापासून 'जेवण, मम्मी, क्रिकेट' लिहू लागतात. यावर उपाय: गोष्ट गेल्या २४ तासांत घडलेली हवी, आधीची पुन्हा नको, आणि 'का घडलं' हे एका वाक्यात हवंच, मुद्दा त्या 'का' मध्ये आहे. हे आठवडाभरच रोज करा, पुढे आठवड्यातून एकदा. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात कृतज्ञतेची यादी आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. जास्त केलं की त्याचा गृहपाठ होतो.

कृतज्ञतेच्या पत्राचं मराठी घरात एक वेगळं आहे. आईला 'तुझे आभार' म्हणणं आपल्याकडे परकेपणाचं वाटतं, आणि मुलं निबंधाच्या भाषेत शिरतात: 'माझी आई प्रेमळ आहे.' आभार हा शब्दच बंद करा. एकच घटना, एकच सकाळ लिहायला सांगा: 'सहलीच्या दिवशी तू साडेचारला उठलीस, पोळ्या केल्यास आणि मी डबा परत आणला तेव्हा काही बोलली नाहीस.' ते पत्र घरी वाचलं जातं.

गुण अति झाला तर, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. रायन नीमिएक यांनी यावर बरंच लिहिलंय: प्रत्येक गुण कमीही पडतो आणि उतूही जातो. कुतूहल उतू गेलं की चोंबडेपणा, सावधपणा उतू गेला की हात कधीच वर न करणारं मूल, प्रामाणिकपणा उतू गेला की फटकळपणा. मराठीत उतू गेलेल्या गुणांना शब्द भरपूर आहेत. एक तास मुलांना तेच शोधू द्या, मजा येते.

दोन सावधगिरी. कुठल्या कार्यशाळेत 'एका वाईट भावनेला तीन चांगल्या' असं गणित कुणी सांगितलं, तर मान डोलवू नका. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि मार्शल लोसाडा यांनी २००५ मध्ये २.९०१३ असा आकडा काढला होता. २०१३ मध्ये निक ब्राउन या विद्यार्थ्याने अॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांच्यासह दाखवलं की त्यामागचं गणितच चुकीचं आहे, आणि ते मागे घेतलं गेलं. चांगल्या भावनांनी विचार रुंदावतात, हा फ्रेड्रिक्सन यांचा मूळ मुद्दा वेगळा आहे, तो या आकड्यावर उभा नाही. अँजेला डकवर्थ यांच्या 'ग्रिट'चंही, म्हणजे दूरच्या ध्येयासाठीच्या चिकाटी आणि ध्यासाचंही, तसंच: २०१७ मध्ये ८८ नमुने एकत्र तपासले तेव्हा ग्रिट आणि जुना कर्तव्यदक्षपणा यांच्यातला संबंध ०.८४ निघाला, म्हणजे जवळजवळ तीच गोष्ट नव्या नावाने.

आणि एखाद्या मुलाचे आशा आणि हुरूप दोन्ही तळाला असतील, सोबत झोप-भूक बदललेली असेल, मित्र तुटलेले असतील, तर त्याला सात दिवसांचा उपक्रम देऊ नका. शाळेच्या समुपदेशकाकडे पाठवा. पालकांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या.

राहिली ती मुलगी. तिच्या आईला सांगा की अठरावा म्हणजे अप्रामाणिक असा अर्थ होत नाही. सतरा गोष्टी तिला त्याहूनही जास्त आपल्या वाटल्या, एवढाच अर्थ. उलट 'मी कधी कधी खोटं बोलते' हे वाक्य खरं वाटून जी खूण करते, तिचाच प्रामाणिकपणा यादीत खाली येतो. आणि हार्टशोर्न-मे यांच्या त्या ११ हजार मुलांची आठवण ठेवून, कुठल्या जागी तिला खरं बोलणं सोपं जातं आणि कुठे अवघड, हे तिलाच विचारा. बहुतेक मुलांचं उत्तर एकच येतं: जिथे चूक सांगितल्यावर आधी ओरडा बसतो, तिथे अवघड. तेवढं वाक्य आईच्या कानावर तिनेच घालावं. तुम्ही फक्त त्या दोघींसाठी पालकसभेनंतरची दहा मिनिटं मोकळी ठेवा.